अहोंची चाल

हेमांगी मगदूमनं दोन वर्षं जगाला कंबर दुखते म्हणून सांगितलं. दुखत होती जांघ. पण जांघ हा शब्द चारचौघांत काढायचा कसा? औषधवाल्यापुढं नाही, शेजारणीपुढं नाही, पोटच्या मुलीपुढंसुद्धा नाही. म्हणून तिनं आपलं दुखणं परस्पर वीतभर वर सरकवलं. मग औषधवाल्यानं कमरेला बांधायचा पट्टा दिला, शेजारणीनं निर्गुडीचं तेल दिलं, आणि नागपूरहून केतकीनं, म्हणजे लेकीनं, कमरेखाली घ्यायची उशी पाठवली. बिचाऱ्या कमरेचे आयुष्यात झाले नव्हते एवढे लाड झाले.

हेमांगी ब्लाउज शिवायची. शिवण मशीनवर व्हायची, पण कापड बेतायचं ते जमिनीवर, मांडी घालून. टेबलावर बेतणं तिला कधी जमलंच नाही. एका दुपारी ती अशीच एक रेशमी खण पुढ्यात पसरून बसली होती. उठताना डाव्या जांघेत अशी कळ आली की पाय उलगडेचना. सवयीनं हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं की घरात हाक मारण्यासारखं कोणी नाही. तिच्या नवऱ्याला, भरत मगदूमना, जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटी कुशीवर वळून, कपाटाचा कोपरा धरून ती कशीबशी उभी राहिली. एवढ्या खटाटोपात खणाला सुरकुती मात्र पडू दिली नाही. मग पलंगावर बसून पोटभर रडली.

दुखणं आवाक्याबाहेर गेलं की मिरज गाठायची, ही सांगलीकरांची पिढ्यानपिढ्यांची सवय. आता एसटीला ड्रायव्हर नसतो आणि तिकिटाला कंडक्टर नसतो, पण मिरजेच्या गाडीत अजूनही निम्मी माणसं दवाखान्यालाच निघालेली असतात. हेमांगी त्यांच्यात जाऊन बसली.

डॉ. फरहाना मुजावर हाडांच्या डॉक्टर. वय चाळिशीचं, बोलणं मोकळं. त्यांनी कमरेचं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, शब्द राहू देत. दुखतं तिथं बोट ठेवून दाखवा."

हेमांगीनं आधी दाराकडं पाहिलं, मग बोट ठेवलं.

"मग हा खुबा. खुब्याचं दुखणं जांघेत येतं. कुणाकुणाच्या गुडघ्यात उतरतं. आणि आपल्या बायका लाजून कंबर सांगतात. माझी आई पण तेच करायची. दोन वर्षं फुकट गेली तिची."

गुडघ्याचं नाव निघालं तशी हेमांगीला नवरा आठवला. भरतचंही तसंच झालं होतं. लहानपणी ते गुडघा दुखतो म्हणून रडायचे. घरच्यांनी वर्षभर गुडघाच शेकला. वर खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो चपटा होत चाललाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डावा पाय आखूड राहिला तो राहिलाच. पुढं म्हातारपणी ह्याच दवाखान्यात त्यांना दाखवलं होतं, तेव्हा डॉक्टर मुजावर नुकत्याच रुजू झाल्या होत्या.

डॉक्टरांनी हेमांगीला चालपटावरून चालायला लावलं. चालपट म्हणजे व्हरांड्याएवढी लांब, काळी, मऊशी चटई. पाऊल कुठं टेकलं, किती जोर पडला, अंग कुठं कललं, हे सगळं ती टिपून घेते. हेमांगी चालत गेली, चालत आली. पडद्यावरच्या रेघा बघून डॉक्टरांनी तिला पुन्हा चालायला सांगितलं.

"काकू, उजव्या हाताला कुणाला धरून चालता तुम्ही?"

"कुणाला नाही. एकटीच तर असते."

"एकटं माणूस असं चालत नाही. तुमच्या उजव्या दंडाला कुणीतरी रोज भार देत असणार. भार एका बाजूला आला की तोल सावरायला पलीकडचा खुबा जास्त राबतो. तुमचा डावा असाच झिजलाय. कोण आहे उजवीकडं?"

"कोणी नाही," हेमांगी म्हणाली.

घरी परतताना तिला आठवलं, की स्वतःचा ब्लाउज बेतताना ती कित्येक वर्षं उजवा खांदा अर्धं बोट उतरता धरत आली होती. तिला वाटायचं, जन्मतःच अंग असं असेल. लग्नाआधीचा ब्लाउज ट्रंकेत होता. काढून पाहिला. दोन्ही खांदे सारखे होते.

उपचाराचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी त्याचं पेरणी करून टाकलं होतं.

"कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं अस्तर समजा," डॉक्टरांनी सांगितलं, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला ते लगेच पटलं. "तुमचं अस्तर विरलंय. नाकाच्या आतल्या पडद्यातून मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खुब्याच्या गोळ्यावर पसरायच्या. तुमचंच अस्तर, नव्यानं उगवतं. पण ह्या पेशींना डोळे नसतात, फक्त दाब कळतो. जिथं भार पडेल तिथं त्या दाट होतात, जिथं पडत नाही तिथं विरळ राहतात. पाच-सहा महिने हे सगळं ओलं असतं, विरजण लावलेल्या दह्यासारखं. तेवढ्यात तुम्ही जसं चालाल तसा सांधा घडतो. मग तो बसला की बसला."

"आणि वाकडा बसला तर?"

"तर काही वर्षांत पुन्हा झिजेल, आणि तुमच्या वयात दुसरी पेरणी उगवत नाही. मग धातूचा सांधा. दुखणं थांबेल, पण जमिनीवर मांडी घालून तासन् तास बसायचं विसरा."

म्हणून चालण्याला वळण लावायला पट्टा होता. कमरेला बांधायचा, बोटभर रुंदीचा. तो अंगाला हलके टिचके देत ठेका धरायचा आणि पाय आपोआप त्या ठेक्यावर पडायचे. कलंडलात की त्या बाजूनं जोरात टोचायचा. पट्टा बोलायचाही, अगदी स्वच्छ मराठीत, निवेदकासारखा.

पेरणी छान झाली. अडलं ते चालण्यापाशी. हेमांगी घराबाहेरच पडेना. स्वयंपाकघर ते शिवणाची खोली, एवढीच तिची ये-जा. महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काकू, भार मिळाला नाही तर हे उपाशी मरेल. चालायला का जात नाही?"

"कुणाबरोबर जाऊ?" हेमांगीनं विचारलं. त्यात तक्रार नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती.

डॉक्टरांनी तिच्या कमरेच्या पट्ट्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पट्ट्यात सोबत्याची चाल भरता येते. माणसं दोघांत चालली की नकळत पाय जुळवतात, त्यामुळं उत्साह टिकतो. इतरांच्या बऱ्याच चाली आहेत आमच्याकडं."

"ह्यांची आहे?"

होती. चालपटावर भरत चालले होते, ते सगळं साठवलेलं होतं. डॉक्टरांनी खूप आढेवेढे घेतले. लंगडती चाल, ओला खुबा. शेवटी अट घालून दिली. "फक्त घरातून बाहेर पडायला. तुमच्या सांगलीच्या आमराई बागेच्या फाटकाशी गेलात की ती बंद आणि सरळ ठेका सुरू. कबूल?"

"कबूल."

घरी आल्यावर पट्ट्यानं विचारलं, "सोबत्याला कोणत्या नावानं हाक माराल?"

हेमांगीनं त्यांचं नाव उभ्या आयुष्यात लग्नकार्यातल्या उखाण्यांपुरतंच घेतलेलं. ती रिकाम्या घरात उगीच लाजली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अहो."

"अहो," पट्टा म्हणाला. "नोंद झाली."

आणि कमरेवर टिचके पडायला लागले. एक लांब, एक आखूड. एक ठाम, एक घसरता. तिनं डोळे मिटले. असा हुंदका आला की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. मग तिनं चपला घातल्या आणि निघाली.

आमराईच्या फाटकाशी ती थांबली. पट्ट्याला सरळ ठेक्याचा हुकूम द्यायचा होता. आत चिंचोळी वाट होती, झाडांची गर्द सावली होती, आणि ह्याच वाटेनं ते दोघं तीस वर्षं रोज संध्याकाळी फिरले होते. आजच्या दिवस, असं म्हणून ती तशीच आत शिरली. आजच्या दिवसाचे पुढं किती दिवस झाले ते तिनं मोजलं नाही.

पण अहो हे नाव देऊन आपण काय करून बसलोय ते तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. सरळ ठेका लावून ती शहाण्यासारखी बाजाराला चालली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, रुमाल पडला!" तिचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा होता. पण पट्ट्यानं हाक ऐकली आणि भरत हजर. भाजीवाली म्हणायची, "अहो ताई, मेथी बघा की," आणि मेथीच्या ढिगासमोर हेमांगीचा पाय लंगडायला लागायचा. बँकेत, दळणाच्या रांगेत, दवाखान्याच्या गाडीत, जो तो ज्याला त्याला अहोच म्हणत होता. अख्खी सांगली तिच्या नवऱ्याला हाका मारत सुटली होती. पहिल्यांदा ती एवढी हसली की भाजीवाली घाबरली.

नाव बदलणं सोपं होतं. तिनं बदललं नाही. कुणीतरी त्यांना हाक मारतंय, हे कानाला बरं वाटत होतं.

आमराईत एक बाई रोज दिसायची. जयमाला साळोखे तिचं नाव. पडून खुब्याचं हाड मोडलेलं, आत पट्टी-स्क्रू घातलेले, हातात काठी. तिलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. तिनं एकदा मागून हाक घातली, "अहो, जरा थांबा की! एकाच वाटेला हाय आपण. बोलत बोलत जाऊया."

हाक ऐकून पट्ट्यावर टिचके सुरू झाले. एक लांब, एक आखूड. हेमांगीचा उजवा हात आपोआप कोपरात दुमडला, अंग सावरायला कललं, आणि ती पुढं निघून गेली. वळणावर तिनं मागं पाहिलं. जयमाला काठीवर रेलून उभी होती, हाक वाया गेल्यावर माणूस उभं राहतं तशी. हेमांगीला वाईट वाटलं. पण ती थांबली नाही. तीनचारदा असंच झालं, मग जयमालानं हाक मारायचं सोडून दिलं.

चौथ्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर मुजावर पडद्याकडं बघत राहिल्या. नवं अस्तर उगवलं होतं, चांगलं जोमानं. पण बाहेरच्या कडेला दाट आणि आतल्या बाजूला विरळ.

"आमराईत शिरल्यावर ठेका बदलत होता ना, काकू?"

हेमांगीनं खाली मान घातली.

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "अजून ओलं आहे. आतापासून रोज सरळ चाललात तर सपाट होईल, निदान बरंचसं. पण हे शेवटचे दीडदोन महिने. मग माझ्याही हातात काही नाही. ती चाल काढून टाकू का?"

"नको," हेमांगी एकदम म्हणाली.

केतकीला तिनं फोनवर सगळं सांगितलं. मग केतकी म्हणाली, "आई, तू पुन्हा त्या फरशीवर अडकून बसलीस तर मला नागपूरहून यायला दिवस लागेल. बाबा तर येणारच नाहीत गं." आणि फोन ठेवताना रडायला लागली. हेमांगीनं तिची समजूत घातली. आपली कुणी घालायची, हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही.

चार दिवसांनी ती आपणहून मिरजेला गेली. डॉक्टरांना म्हणाली, "एकदा बघू द्या मला. ह्यांची चाल. काढायची का नाही ते मग ठरवते."

डॉक्टरांनी पडद्यावर लावलं. चेहरा नव्हता, नुसती पावलं आणि वर एक हलती रेघ, अंग किती कलतंय ते दाखवणारी. हेमांगीनं ती पावलं लगेच ओळखली.

"हे तुमच्या पट्ट्यातलं," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर चटईवर उतरला होता. आम्ही नको म्हणत होतो, पण तुम्ही सवयीनं हात पुढं केलात. मग आम्ही त्यांना एकट्याला चालवलं. ते हे." दुसरी रेघ आली. पावलं तशीच, एक लांब, एक आखूड. पण वरची रेघ बरीच सरळ होती.

हेमांगी बघत राहिली. "कमी कललेत."

"पाय आखूड असलेला माणूस जेवढा कलेल तेवढेच कललेत. स्वतःचा तोल त्यांना नीट सांभाळता येत होता. तुम्ही शेजारी असलात की मात्र सगळा भार तुमच्या दंडावर." डॉक्टरांनी दोन्ही रेघा शेजारी शेजारी लावल्या. "तेवढी गरज नव्हती त्यांना, काकू."

आधी हेमांगीला रागच आला. तीस वर्षं! तीस वर्षं आपण ह्या माणसाला सावरतोय म्हणून जपून चाललो, खड्डा टाळला, पायरी सांगितली, आपला खुबा झिजवला, आणि गरज नव्हती?

मग तिला लग्नानंतरची पहिली संध्याकाळ आठवली. आमराईत नवी जोडपी हातभर अंतर ठेवून चालायची. बायकोचा हात धरला तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर चर्चा. सासूबाई, चुलत सासरे, शाळेतले मास्तर, सगळे त्याच वाटेवर. आणि ह्या सगळ्यांदेखत भरत मगदूमनी तिचा दंड धरला होता आणि मोठ्यानं म्हणाले होते, "पाय जरा भरून आलाय." लोकांनी सहानुभूतीनं वाट दिली होती. लंगडणाऱ्याला कोण काय म्हणणार? पाय त्यानंतर रोज संध्याकाळी नेमानं भरून येत राहिला.

"लबाड माणूस," हेमांगी म्हणाली. "चाल कसली, चालबाजी होती ही!" ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी पाणी पुढं केलं. तिनं ते सगळं पिऊन टाकलं.

"पट्टा नुसता ठेका देतो," ती जरा वेळानं म्हणाली. "ह्यांना ठेका नको होता, हात हवा होता. तो त्यांनी पुरेपूर घेतला. मी इतके महिने हात दुमडून कुणाला देत होते?" तिनं उजवा हात सरळ करून मांडीवर ठेवला. "काढा डॉक्टर. मला मांडी घालून बसायचंय. एका गिऱ्हाइकाचा खण तसाच पडलाय."

"पुसून टाकू?"

"पुसायचं कशाला? तुमच्याकडं असू दे. फक्त पट्ट्यातून काढा."

दुसऱ्या दिवशी आमराईत ती एकटी चालली. एकटी म्हणजे किती एकटी, ते तिला त्या दिवशी कळलं. कमरेवर सरळ, सारखे टिचके पडत होते, घड्याळासारखे, कुणाचेच नसलेले. अंग उजवीकडच्या भारासाठी सावरायला बघायचं आणि पट्टा टोचायचा. वाट तीच होती, पण फार लांब वाटत होती. एकदा तिनं हळूच "अहो" म्हणून बघितलं. काहीच झालं नाही. वर आंब्यावर पोपट भांडत होते.

असे दिवस गेले. टोचणं कमी होत गेलं. रडणं मात्र कमी झालं नाही. एकदा तिनं स्वतःसाठी ब्लाउज बेतायला घेतला. अजून टेबलावर, उभ्यानंच. उजव्या खांद्याशी कात्री थांबली. मग दोन्ही खांदे सारखे कापले.

त्या संध्याकाळी वळणावर जयमाला साळोखे काठी टेकत उभी होती. हेमांगीला बघून तिनं नजर दुसरीकडं वळवली, आणि हेमांगी पुढं गेली. थोडं पुढं जाऊन ती उगाच रेंगाळली. मागून काठीचा आवाज आला, थांबला. बराच वेळ काही नाही. मग अगदी बेतानं, ऐकलं नाही तरी चालेल अशा बेतानं, हाक आली.

"अहो..."

कमरेवर काही वाजलं नाही. हाक नुसती हवेत राहिली, आणि तिथं ती घ्यायला हेमांगीशिवाय कोणी नव्हतं.

"ओ," हेमांगी म्हणाली आणि मागं वळली.

जयमाला लगबगीनं आली. "म्हटलं बाई रागावल्यात का काय माझ्यावर! हाक मारली की सुसाट निघायचात ओ तुम्ही." बोलत बोलत तिनं काठी उजव्या हातात घेतली आणि मोकळा हात हेमांगीच्या उजव्या दंडाकडं नेला.

हेमांगी झटकन बाजूला झाली. "इकडून नको. डावीकडून या."

"काय की! डॉक्टरनी सांगितलंय?"

"डॉक्टरांनी पण."

जयमाला वळसा घालून डाव्या बाजूला आली. काठी पुन्हा उजवी-डावी केली, दंड धरला, आणि मग हेमांगीच्या पलीकडं, रिकाम्या वाटेकडं वाकून बघितलं.

"का? त्या बाजूला कोन हाय?"

दवाखान्यात हाच प्रश्न आला होता, तेव्हा हेमांगीनं कोणी नाही म्हणून सांगितलं होतं.

"होते," ती म्हणाली. "चला."